थंड इंजिनाला दोन-तीन सेकंद खडखड आणि पी००१६ कोड: टायमिंग चेन बदलायचीच का?

निळी_हॅचबॅक:

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, वर दोन कॅम (व्हॉल्व उघडणारे दांडे), आणि त्यांना खालच्या क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याशी, जोडणाऱ्या टायमिंग चेनवाली. १,३८,००० किलोमीटर झालेत. जुनी घेतलेली आहे आणि मधल्या ३०-३५ हजार किलोमीटरची सर्व्हिसची काहीच नोंद मिळत नाही.

सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की फॅन बेल्टच्या बाजूने, कव्हरच्या आतून खडखड येते. पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तसा आवाज. दोन-तीन सेकंदांत थांबतो. दिवसभरात गरम इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं तर काहीच नाही. गेल्या आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी००१६ आला. पिकअप खालच्या आरपीएमला थोडा मंद वाटतो, पण ते माझ्या मनाचे खेळही असतील.

एका मेकॅनिकने समोरची बाजू उघडून पूर्ण किट बदलायला सांगितलं. दुसरा म्हणाला, चेन इंजिनच्या आयुष्याएवढी टिकते, थोडं जाड ऑइल टाका, आवाज जाईल. दोघांनीही बॉनेट उघडून आवाज ऐकला, यापलीकडे काही तपासलं नाही.

इंजिन न उघडता खात्री कशी करायची? आणि नुसता टेन्शनर (चेन ताठ धरणारा भाग) बदलून भागेल का? माझा भाऊ गाड्यांचं काम नीट करतो, हत्यारं आहेत त्याच्याकडे, क्लच आणि हेड गास्केट त्याने स्वतः केलंय. म्हणून घरी करायचा विचार आहे. तोपर्यंत गाडी चालवावी की नाही, हेही सांगा.

रात्रीचा_हायवे:

माझ्या गाडीला अगदी असाच आवाज होता. ऑइल बदलताना एक ग्रेड जाड टाकलं आणि फिल्टर नवा बसवला, आवाज गेला. इंजिन उघडण्याआधी हे करून बघा.

जुना_फिटर:

ताई, जाड ऑइल टाकू नका. चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. त्याच्या आतली वाट बारीक असते, आणि थंड इंजिनात जाड ऑइल तिथे पोहोचायला जास्त वेळ घेतं. म्हणजे चेन ढिली राहते ते सेकंद वाढतात. तुमच्या गाडीला व्हीव्हीटी (कॅमची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा) असेल तर तेसुद्धा त्याच ऑइलवर हलतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापलाय तोच घाला. रात्रीचा_हायवे यांचा आवाज खरंच गेला असेल, त्यावर माझा विश्वास आहे, पण श्रेय बहुधा नव्या फिल्टरचं. बऱ्याच फिल्टरमध्ये ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून रबराची झडप असते. ती कडक झाली की रात्रभरात वरचं ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी टेन्शनर रिकामा. तेव्हा आधी योग्य ग्रेडचं ताजं ऑइल आणि चांगला फिल्टर. आवाज पूर्ण गेला तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

जुना फिल्टर मात्र टाकून देऊ नका. पत्रा कापून आतला कागद उलगडा आणि उजेडात बघा. चेनच्या गाइडवर, म्हणजे चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर, नायलॉनचा थर असतो, तो झिजला किंवा तुटला की तपकिरी किंवा काळे प्लास्टिकचे कण कागदात अडकतात. चकाकणारी धातूची पूड वेगळी, प्लास्टिक वेगळं. प्लास्टिक दिसलं तर पुढे फार वाद घालायचं कारण उरत नाही.

आता पी००१६. हा कोड इतकंच सांगतो की क्रँकचा सेन्सर आणि इनटेक कॅमचा सेन्सर यांचा मेळ बसत नाही. चेन लांबली असेल तर बसणार नाहीच. पण व्हीव्हीटीचा सोलेनॉइड (त्याला ऑइल सोडणारी विजेवरची झडप) गाळाने अडकला, कॅमच्या टोकाचा फेजर (त्या ऑइलने कॅम मागे-पुढे फिरवणारा भाग) नीट लॉक होत नाही, कोणीतरी आधी उघडून खुणा चुकीच्या लावल्या, तरीही हाच कोड येतो. फेजरची लॉक पिन झिजली तर थंडीतला आवाजही जवळपास असाच येतो. म्हणून कोड बघून थेट किट मागवणं मला पटत नाही. आधी मोजा, मग उघडा.

मोजायचं असं. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा, इंजिन गरम करून आयडलला ठेवा, आणि इनटेक व एग्झॉस्ट दोन्ही कॅम ठरलेल्या जागेपासून किती अंश मागे आहेत ते वाचा. एकच कॅम मागे असेल तर संशय त्याच्या सोलेनॉइडवर आणि फेजरवर. दोन्ही साधारण सारखेच मागे असतील तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत, म्हणजे चेनमध्ये. स्कॅनर अंश क्रँकचे दाखवतो की कॅमचे, हे आधी बघून घ्या, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि आकडा दुप्पट-निमपट होतो. सोलेनॉइड बाहेर काढून त्याची बारीक जाळीही बघा.

चेन लांबते म्हणजे पोलाद ताणलं जातं असं नाही. प्रत्येक कडीची पिन आणि तिचं भोक झिजतं. हिशेब करून बघा. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ताणाच्या बाजूला समजा ५० कड्या आहेत आणि प्रत्येकीत ०.०२ मिलिमीटर झीज आहे. हाताला काहीच जाणवणार नाही, पण बेरीज १ मिलिमीटर. कॅमचं स्प्रॉकेट (चेन चढते ते दातांचं चाक) ४० दातांचं, कडी ८ मिलिमीटरची धरली, तर घेर ३२० मिलिमीटर. म्हणजे १ मिलिमीटरला कॅम सव्वा अंशाच्या किंचित आत मागे पडतो आणि क्रँकच्या हिशेबात सव्वादोन अंश. कॅम मागे पडला की इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतात आणि खालच्या आरपीएमला दम कमी होतो. तेव्हा पिकअपबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते मनाचे खेळ नसावेत.

नुसता टेन्शनर बदलू नका. लांबलेल्या चेनला तो थोडे दिवस दाबून धरेल, आवाज गप्प बसेल आणि झीज चालू राहील. उलट नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवली तर झिजलेले दात तिला लवकर खातात. चेन, दोन्ही गाइड, टेन्शनर, स्प्रॉकेट, क्रँकचं पुढचं ऑइल सील, आणि मॅन्युअल सांगेल ते एकदाच वापरायचे बोल्ट, सगळं एकदम.

गाडी मोजमाप होईपर्यंत उभी ठेवा. वरच्याच हिशेबाने एक दात सरकला तर कॅम ९ अंश आणि क्रँक १८ अंश चुकतो. तेवढ्यावर बरीच इंजिनं चालतात, कशीबशी. त्यापुढे आणखी सरकली तर ज्या इंजिनात व्हॉल्व आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे व्हॉल्व वाकतात. मग काम चेनचं राहत नाही, हेड उतरावं लागतं.

निळी_हॅचबॅक:

काका, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

ऑइल मॅन्युअलप्रमाणे, फिल्टर कंपनीचा बसवला. आवाज कमी झाला, गेला नाही. जुना फिल्टर भावाने कापला. कागदाच्या घड्यांत तपकिरी प्लास्टिकचे कण मिळाले, एकेक मिलिमीटरचे, नखाने दाबले तर वाकतात. धातू दिसला नाही. लाइव्ह डेटामध्ये गरम आयडलला इनटेक ७ आणि एग्झॉस्ट ६ अंश मागे, क्रँकचे अंश. सोलेनॉइडची जाळी स्वच्छ निघाली.

म्हणजे उघडायचंच. या इंजिनासाठीचा लॉकिंग टूलचा (कॅम आणि क्रँक जागेवर ठेवणाऱ्या हत्यारांचा) संच आणि वर्कशॉप मॅन्युअल दोन्ही मिळालंय. भावाने हे इंजिन आधी उघडलेलं नाही. कुठे सांभाळावं?

जुना_फिटर:

दोन्ही कॅम मागे, फिल्टरमध्ये प्लास्टिक. तुमचे ७ अंश माझ्या वरच्या हिशेबात तीन मिलिमीटरच्या आसपास येतात. उघडा.

पहिली गोष्ट, खालचा ऑइल सम्पही (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, कितीही कंटाळा आला तरी. ऑइल पंप ज्या नळीतून ऑइल ओढतो तिच्या तोंडाला जाळी असते. फिल्टरपर्यंत बारीक कण पोहोचलेत, म्हणजे जाळीतून न जाणारे मोठे तुकडे तिथेच बसलेले असू शकतात. नवी चेन बसवली आणि जाळी तुंबलेली ठेवली तर टेन्शनरला प्रेशरच मिळणार नाही, बेअरिंगलाही नाही.

क्रँक पुलीच्या बोल्टशी घाई नको. काही इंजिनांत क्रँकच्या स्प्रॉकेटला चावी (ते फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) नसते, ते फक्त त्या बोल्टच्या दाबाने जागेवर धरलेलं असतं. बोल्ट ढिला केला की टायमिंग गेलं. म्हणून आधी मॅन्युअलमध्ये ते बघा, कॅम आणि क्रँक लॉक करा, मग बोल्टला हात लावा. आणि लॉकिंग पिन ही जागा दाखवण्यासाठी असते, जोर सोसण्यासाठी नाही. बोल्ट सोडवताना आणि आवळताना पुली धरायचं वेगळं हत्यार लावा. कॅमचे बोल्ट सोडवताना कॅमवरच्या षटकोनी भागाला पाना लावून कॅम धरा. सेल्फ मारून बोल्ट सोडवायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका.

जुनी चेन काढण्याआधी स्प्रॉकेट आणि चेनवर रंगाच्या खुणा करा, फोटो काढा. नव्या चेनवर दोन-तीन रंगीत कड्या असतात, त्या स्प्रॉकेटवरच्या खुणांशी जुळवायच्या. ताणाच्या बाजूला चेन सरळ आणि ताठ, सगळी ढिलाई टेन्शनरच्या बाजूला. नवा टेन्शनर दाबून पिन घातलेला येतो. टेन्शनर बसला, दोन्ही गाइड बसले, सगळे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, खुणा पुन्हा पाहिल्या, आणि मगच ती पिन ओढायची. ओढली की टेन्शनर 'टक' करून पुढे येतो आणि गाइड चेनला टेकतो. नाही आला तर थांबा आणि कारण शोधा.

आता या सगळ्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. लॉकिंग टूल सगळी काढा, स्पार्क प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हलकं फिरेल, आणि लांब पान्याने क्रँक हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवा. सावकाश. व्हॉल्वच्या स्प्रिंगचा जडपणा हाताला लागतो, तो येतो आणि सुटतो, तो ठीक. पण कुठे कडक अडलं तर एक मिलिमीटरही पुढे ढकलू नका. तिथे व्हॉल्व पिस्टनला टेकलाय. दोन फेऱ्यांनंतर लॉकिंग टूल पुन्हा घालून बघा, जोर न लावता बसली पाहिजेत. रंगीत कड्या मात्र आता खुणांसमोर दिसणार नाहीत. चेनच्या कड्या आणि दातांचा हिशेब असा असतो की त्या परत जुळायला क्रँकचे बरेच फेरे जावे लागतात. हे माहीत नसल्यामुळे चांगलं बसवलेलं काम लोक पुन्हा उघडतात. भावाला आधीच सांगून ठेवा.

टॉर्क_पाना:

काकांच्या सांगण्यात थोडी भर घालते, मी हे काम माझ्या गाडीवर केलंय.

समोरचं कव्हर काढायला बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं. लोक सम्पखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावतात. पण तुम्ही सम्पच उतरवणार आहात, तेव्हा तो आधार चालणार नाही. इंजिन वरून धरणारा आडवा बार लावा, आणि कामाच्या सुरुवातीलाच लावा.

कव्हरचं जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने काढा. पोलादी स्क्रॅपरने अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच ऑइल झिरपतं. खरवडलेला कचरा आत पडू नये म्हणून उघड्या जागा कापडाने झाका. नवं सीलंट सलग आणि सारख्या जाडीचं. हेड आणि ब्लॉक जिथे जोडले जातात त्या कोपऱ्यांत थोडं जास्त, गळती बहुतेक तिथूनच होते. लावल्यावर कव्हर लगेच बसवा, आणि ट्यूबवर लिहिलेला वाळायचा वेळ पूर्ण जाऊ द्या, मगच ऑइल भरा.

पहिल्यांदा चालू करताना इंधन पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज घाला. तरीही पहिले काही सेकंद थोडी खडखड येऊ शकते, टेन्शनर भरेपर्यंत. घाबरून जाऊ नका. शेवटी कोड पुसा, आणि तुमच्या गाडीला क्रँक सेन्सरचं रीलर्न (कॉम्प्युटरला सेन्सरची नोंद नव्याने शिकवणं) लागत असेल तर स्कॅनरने करून घ्या, नाहीतर सगळं बरोबर असूनही दिवा परत लागायचा.

निळी_हॅचबॅक:

बारचं लक्षातच आलं नसतं, थँक्यू ताई. मॅन्युअलमध्ये आत्ताच पाहिलं, या इंजिनाच्या क्रँक स्प्रॉकेटला चावी नाही, आणि पुलीचा बोल्ट नवा घालायला सांगितलाय. आधी टॉर्क, मग अंशात फिरवणं.

जुना_फिटर:

मग बोल्ट नवाच, आणि अंशांसाठी कोन दाखवणारी चकती वापरा, नजरेने नको. बोल्टवर आणि पुलीवर रंगाची रेघ मारून ठेवा, म्हणजे किती फिरला ते दिसतं.

आणि जुनी चेन फेकू नका. नवी आणि जुनी एकाच खिळ्याला शेजारी टांगा, खालची टोकं किती वर-खाली येतात ते मोजा आणि आकडा इथे टाका. पूर्ण वेढा टांगलेला असेल तर दिसणारा फरक लांबीतल्या वाढीच्या निम्मा असतो, तेवढं धरा.