शेजारच्या मावशींना रोमचं चर्च घरबसल्या दाखवायचंय, कसं जमेल?

भुसावळचा_भाचा:
मंडळी मदत करा. शेजारच्या मावशींचे गुडघे पार गेलेत, रेल्वे कॉलनीतल्या चर्चला पण कोणी रिक्षाने नेलं तरच जाणं होतं. परवा भरीत द्यायला गेलो तर म्हणाल्या, रोम बघायचं राहूनच गेलं रे. मी लगेच हौसेने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला पण त्यातला माणूस असा पळत सुटला की मावशींना गरगरायला लागलं. आपल्या मनाने थांबून थांबून बघता येईल असं काही आहे का? आणि ते डोळ्यांवर चढवायचे व्हीआर गॉगल, ज्यात आपण तिथंच उभे आहोत असं वाटतं, ते घ्यावेच लागतात का, खिशाला परवडणारे नाहीत.

रिकामटेकडा_जळगाव:
गॉगल नको भाऊ, म्हाताऱ्या माणसाला अजूनच चक्कर येईल. व्हॅटिकनच्या स्वतःच्या वेबसाइटवर सिस्टिन चॅपल (पोपच्या वाड्यातलं प्रार्थनाघर) आणि सेंट पीटर्ससकट रोमच्या चारही मोठ्या बॅसिलिका, म्हणजे मानाची चर्च, ३६० अंशांत आहेत, एक रुपया लागत नाही. लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोड, माउस तुझ्या हातात ठेव आणि एकदम हळू फिरव, त्या 'हां' म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. सिस्टिनमध्ये छतच बघत बसू नका, खाली रंगीत दगडांचे तुकडे बसवलेली फरशी पण बघा, प्रत्यक्षात गर्दीच्या पायांखाली ती दिसतच नाही.

खान्देशी_मिरची:
माझं मत वेगळंय. स्क्रीनवरचं दर्शन म्हणजे शेवभाजीचा फोटो बघून पोट भरणं. गडावर चालत जाऊन सप्तशृंगीसमोर उभं राहिल्यावर जे होतं ते माउसने होतं का?

रिकामटेकडा_जळगाव:
अरे पण ज्यांना जिनाच चढवत नाही त्यांनी काय करायचं? आणि सिस्टिनमध्ये प्रत्यक्ष गेलास तरी फोटो काढू देत नाहीत, गर्दीत मान वर करून उभं राहायचं. छत साधारण २० मीटर उंच, मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलेलं. त्यातल्या एका चित्रात आदम आणि देव एकमेकांकडे हात करतात, पण त्यांची बोटं टेकत नाहीत, मधे जरा फट आहे, ती मी झूम करून बघितली.

धुळ्याची_पोर:
नुसती करमणूक नाहीये ही. पॅरिसच्या नोत्र दाम या जुन्या मोठ्या चर्चचं अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकांनी लेझर स्कॅन करून ठेवलं होतं, अब्जाहून जास्त बिंदूंची मापं. १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छत आणि मनोरा गेला, तेव्हा दुरुस्तीला ती मापं कामाला आली. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. मी आजीला आतला टूर दाखवला तर म्हणे, "हाई ते कितलं मोठं शे व माय!" आणि पुढचा अर्धा तास मला चहा करू दिला नाही. फक्त एक कर, नेट आधी चेक कर, नाहीतर फोटो धुरकट दिसतात.

भुसावळचा_भाचा:
जमलं!! काल संध्याकाळी वायर जोडून सेंट पीटर्स लावलं. मावशी घुमटाकडे बघतील असं वाटलं होतं, त्या खालीच बघत होत्या. म्हणाल्या, एवढी फरशी रोज पुसतं कोण? मग डोक्यावर पदर घेऊन हळू आवाजात प्रार्थना सुरू केली, मी माउस सोडून गप बसलो. सिस्टिन लावणार तेवढ्यात लाइट गेली. आता रविवारी परत बोलावलंय, येताना वांगी आण म्हणाल्या.