नदीकाठी पाणथळीजवळ सपाटीकरण: अर्ज तीन शेरे मारून परत आला

उतारवाट (प्रश्न)
जमीन 0.8 हेक्टर, नदीकडे साधारण 6 टक्के उतार. वरच्या अर्ध्यात खोदाई, खालच्या अर्ध्यात भराव, दोन्ही 1,400 घनमीटर. भरावाचा पायथा काठापासून 35 मीटरवर. खालच्या कोपऱ्यालगत पाणथळ आहे, तिला हातही लागणार नाही. तरी शेरे असे: काठाची रेषा कशी ठरवली ते दाखवा, पाणथळीवरचा परिणाम लिहा, मातीचा हिशेब जुळत नाही. नकाशात नेमकं काय दाखवायचं?

काठरेषा (उत्तर)
मोजणीच्या दिवशी पाणी जिथे होतं तिथून 35 मीटर धरले असतील तर पहिला शेरा रास्त आहे. काठ म्हणजे नेहमीचं भरलेलं पाणी जिथवर चढतं ती रेषा. खुणा बघा: खडकावरचा डाग, काठाची कापलेली कड, जमिनीवरच्या झाडोऱ्याची सुरुवात. झुडपांत अडकलेला काडीकचरा एकट्याने पुरावा होत नाही, तो एखाद्याच मोठ्या पुराचा असू शकतो. दर 10-15 मीटरवर खुंटी मारा, लेव्हल (जमिनीची उंची) घ्या, फोटो जोडा.

पाणथळीची हद्दही अशीच मोजून हवी. लव्हाळा, पाणकणीस संपलं की हद्द संपली असं नाही. 50 सेंटिमीटरचा खड्डा घ्या. राखाडी माती आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर वरून कोरडी दिसणारी ती जागाही वर्षातला बराच काळ पाण्याने चिंब असते. एक खड्डा आत, एक बाहेर, असं अंतर कमी करत रेषा पक्की करा. वनस्पती, माती, पाणी या तिन्हींची नोंद प्रत्येक खड्ड्याला हवी.

मातीकाम (उत्तर)
"हात लागणार नाही" एवढ्याने दुसरा शेरा सुटत नाही. पाणथळ जगते ती वरून झिरपत येणाऱ्या पाण्यावर. वरच्या अंगाला खोदाई केली की झिरपा त्या कापात उघडा पडतो, आणि ते पाणी चरातून थेट नदीकडे वळवलंत तर पाणथळ हात न लावताही सुकते. म्हणून आधीची आणि नंतरची पाण्याची वाट बाणांनी दाखवा. चराचं तोंड नदीत नको. पाणी सपाट, दगडी कडेवरून पातळ पसरून पाणथळीच्या वरच्या बाजूला सुटू द्या.

आता माती. दाबलेला 1,400 घनमीटर भराव करायला जागेवरची माती 10 टक्के आकसते असं धरलं तरी सुमारे 1,555 घनमीटर लागते. म्हणजे 155 कमी. खोदल्यावर ती 25 टक्के फुगली तर 10 घनमीटरच्या ट्रकच्या वीसेक फेऱ्या, आणि त्या कुठून येणार हे अर्जात नाही. आकसण्याचा आकडा तुमच्या मातीची चाचणी करूनच लिहा. वरची 15 सेंटिमीटर सुपीक माती वेगळी धरा, ती 0.8 हेक्टरवर 1,200 घनमीटर भरते. शेवटी तेवढ्याच जाडीने पसरली तर हिशेब बिघडत नाही. भरावात ढकलली तर भराव खचतो.

उतारवाट
आभार. भरावाचा काही भाग पूररेषेच्या आत येतो. आणि गाळ अडवायला पायथ्याला कापडी कुंपण पुरेल ना?

काठरेषा
पूररेषेच्या आत जेवढा भराव, तेवढी जागा पुराच्या पाण्यासाठी त्याच पातळीवर खोदून द्यावी लागते. वर खोदलेली चालत नाही, कारण पाणी तिथे पोचेपर्यंत खाली पसरलेलं असतं. जमलं तर भराव मागेच घ्या.

मातीकाम
कुंपण समपातळीवर, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेवर हवं, कापडाचा खालचा भाग 15 सेंटिमीटर खोल चरात पुरलेला, टोकं उताराच्या वरच्या बाजूला वळवलेली. 30 मीटर कुंपणामागे 0.1 हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र नको. ओघळावर आडवं लावलं तर पहिल्याच जोरदार पावसात खालून उपटतं. गाळ एकतृतीयांश उंचीला आला की काढा.

पण चिकणमातीला कापड रोखत नाही. 2 मायक्रॉनचा कण शांत पाण्यातही दिवसाला जेमतेम 30 सेंटिमीटर खाली बसतो. म्हणून एका वेळी थोडाच भाग उघडा करा, आणि तो झाला की लगेच हेक्टरी 4-5 टन पेंढा आणि गवताचं बी टाका. हा कामाचा क्रम नकाशावरच लिहा.