बी-२७५ ट्रॅक्टरला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवावा का?

प्रश्न: कांदिवलीत तयार झालेला आमचा जुना बी-२७५ आजही पेरणीला चालतो; मात्र इंजिन संथ असताना डायनॅमो (बॅटरी भरणारे जुन्या घडणीचे जनित्र) बॅटरी भरत नाही आणि रात्री दिवे मिणमिणतात. अल्टरनेटर (संथ इंजिनावरही वीज देणारे नव्या घडणीचे जनित्र) बसवणे योग्य ठरेल का?

उत्तर १: अवश्य बसवावा, परंतु प्रथम बॅटरीचे कोणते टोक चॅसिसला (ट्रॅक्टरच्या सांगाड्याला) जोडले आहे, ते पाहावे. ब्रिटिश धाटणीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक अर्थला, म्हणजे चॅसिसला, असे, तर आजचे बहुतेक अल्टरनेटर ऋण अर्थचे असतात. जोडणी उलटी झाल्यास त्यांतील डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. अर्थ बदलल्यास अ‍ॅमीटरच्या (वीजप्रवाह दाखवणाऱ्या काट्याच्या) तारांची अदलाबदल करावी आणि जुना कटआउट (बॅटरीतील वीज उलट डायनॅमोकडे जाऊ न देणारा स्विच) वगळावा. जुन्या घडणीच्या स्टार्टरला मात्र हात लावावा लागत नाही, कारण टोके बदलली तरी तो त्याच दिशेने फिरतो.

उत्तर २: त्याआधी पट्ट्याचा ताण आणि डायनॅमोचे कार्बन ब्रश तपासून घ्यावेत, पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.

उत्तर ३: पुली एका रेषेत यावी म्हणून ब्रॅकेट नीट बेतून घ्यावे, अन्यथा पट्ट्याच्या कडा झिजून धागे सुटू लागतात. काढलेला डायनॅमो भंगारात देऊ नये.