ब्रश धुणं सोपं, वाळवणं कठीण

एका पोस्टमध्ये मेकअपचे ब्रश भांडी घासायचं लिक्विड घालून गरम पाण्यात रात्रभर भिजवून, मग पेल्यात उभे करून वाळवायला सांगितलंय. भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब ठीक आहे, फाउंडेशनचा तेलकट थर त्याने चांगला निघतो. पण भिजत ठेवू नका. केस आणि दांडा यांच्यामधल्या धातूच्या नळीत केस ग्लूने बसवलेले असतात. पाणी आत गेलं की तो सैल होतो आणि मग गालावर ब्रशचेच केस चिकटतात. कोमट पाणी, बेबी शाम्पू, आणि धुताना केसांचं टोक कायम खाली. तळहातावर गोल गोल फिरवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बस्स.

वाळवण्याबद्दल मात्र त्या पोस्टमध्ये पेल्यापलीकडे काहीच नाही, आणि मुंबईत खरी गोची तिथेच आहे. मागच्या जुलैत मी पावडरचा जाडा ब्रश पेल्यात उभा ठेवला. दोन दिवसांनी वरून कोरडा, आतून ओला, आणि वास अगदी न वाळलेल्या टॉवेलसारखा कुबट! फेकावा लागला. आता टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपते, बोटांनी आकार देते आणि कपड्यांच्या चिमट्याने दांडा पकडून ब्रश घरातल्या दोरीला उलटा टांगते, पंख्याखाली. (सासूबाई विचारतात, हे काय वाळत घातलंयस?) बारीक ब्रश सकाळपर्यंत तयार असतात, जाड्याला पावसाळ्यात दुसरी रात्रही लागते. म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री धुवायला काढू नका.