चिऱ्याचा जुना गोठा पाहुण्यांसाठी राहता करायचाय, क्षाराचं काय करावं?

पडवी२४:
राजापूर तालुक्यातला जांभ्याच्या चिऱ्यांचा गोठा, १८ बाय २४ फूट, बरीच वर्षं रिकामा. एक खोली, संडास-न्हाणी आणि पुढे पडवी काढायची आहे. भिंतींना जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पांढरा क्षार फुटतो, सिमेंटचा गिलावा पोपडे धरून पडतो. वळचणीला उंची जेमतेम सहा फूट. चार वाशांची टोकं कुजलीत. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफ घालून पुन्हा सिमेंट मारू. मारू का?

चिरेबंदी:
नका मारू. तो क्षार म्हणजे भिंतीत मुरलेलं गोमूत्र. ओल चढताना नायट्रेट सोबत आणते, पाणी सुकलं की त्याचे स्फटिक होतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. वॉटरप्रूफने वाट अडवली की ओल आणखी वर चढते.

डागाच्या वर दोन फुटांपर्यंत गिलावा काढा, सांधे इंचभर कोरा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. धुतलात तर परत आत मुरेल. मग मुरवलेला चुना १ भाग, वाळू ३ भाग. खाडीची वाळू चालणार नाही, तिच्यात मीठ असतं. दोन थर, एकेक अर्ध्या इंचाच्या आत, आणि आठवडाभर ओलं गोणपाट. हा गिलावा काही वर्षांत खराब होणारच, त्याचं कामच क्षार ओढून घेणं. तेवढा भाग बदलायचा. वर चुन्याची सफेदी, प्लास्टिक पेंट नको.

मूत्राची नाळी आणि गव्हाणीखालची माती दीड फूट काढा (माडांना उत्तम खत!), पण पाया किती खोल आहे ते आधी पाहून.

वासेरिपा:
उंचीसाठी जमीन खाली नेऊ नका, पावसात पाणी आत येईल. छप्पर उतरवायचंच आहे तर भिंतीवर चिऱ्याचे तीन थर चढवा, त्यावर काँक्रीटचा चार इंची पट्टा. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी असेल तरच.

वासे भिंतीत गाडलेले असतात, तिथे हवा लागत नाही म्हणून टोकं कुजतात. कुजका भाग कापा, दोन्ही बाजूंनी फळ्या लावून १२ मिमीच्या बोल्टांनी जोडा. नवं टोक पट्ट्यावर मोकळं टेकवा. उतार ३० अंशांपेक्षा कमी नको.

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५. वळचण अडीच फूट धरली तर १,०८० लागतील, फुटतूट धरून १,२०० आणा. काम दिवाळीनंतर उघडा. माकडं असतील तर वेगळी डोकेदुखी. कौलांखाली पत्रा घालतात, पण मग खोली तापते.

पडवी२४:
जमिनीखाली प्लास्टिकचा कागद?

चिरेबंदी:
या गोठ्यात नको. खालची ओल कडेला सरकून भिंतीत चढेल. सहा इंच खडी, त्यावर चुन्याचा कोबा, वर शहाबादी. सांधेही चुन्याचेच.

वासेरिपा:
वाळवीचं औषध त्याआधी. भिंतीकडेने फूटफूट अंतरावर १२ मिमीची भोकं, ३०.५ टक्के इमिडाक्लोप्रिड लिटरला २.१ मिली, भोकाला लिटरभर. विहिरीजवळच्या बाजूला अजिबात नको. शोषखड्डाही विहिरीच्या उताराला, किमान १५ मीटरवर; जांभ्याच्या भोकांतून पाणी फार लवकर पळतं. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीची नोंदवही) नोंद 'गोठा' अशीच असेल, ती आधी बदलून घ्या.