सिरिंज पंपाचं फर्मवेअर: मॉडेलमधून कोड काढावा का, आणि किती?

कोरी_पाटी

नमस्कार. आम्ही सहा जण सिरिंज पंपाचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) लिहितो. रुग्णाला ठरलेल्या वेगाने औषध देणारं यंत्र. कोड सी भाषेत आहे आणि पाच वर्षांत तो जसा लागेल तसा वाढत गेला. आज यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे सात बूलियन (हो किंवा नाही एवढंच साठवणाऱ्या खुणा) मिळून ठरवतात: औषध चालू आहे का, थांबवलंय का, बोलस (एकदम द्यायची जादा मात्रा) चालू आहे का, अलार्म वाजतोय का, अलार्म गप्प केलाय का, कीपॅड लॉक आहे का, बॅटरीवर चाललंय का. सात म्हणजे 128 जोड्या. त्यांतल्या नेमक्या किती शक्य असायला हव्यात, हे आमच्यापैकी एकही जण छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात चाचणीत एक दोष सापडला. नळी तुंबल्याचा अलार्म वाजत असताना कीपॅड लॉक केला, तर अलार्म गप्प करायचं बटणही लॉक होत होतं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती ओळ कुठे घालायची हे शोधण्यात चार दिवस गेले.

तेव्हापासून चमूत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, सगळी रचना यूएमएलमध्ये (सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची प्रमाणित चित्रभाषा) काढा, क्लास, सीक्वेन्स, सगळं, आणि कोड त्यातूनच जनरेट करा. बाकीचे म्हणतात, आकृत्या दोन आठवड्यांत शिळ्या होतात, त्यापेक्षा कोडच नीट लिहा. भरीला आम्हाला वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या आयईसी 62304 या मानकाप्रमाणे रचनेचे दस्तऐवज द्यावे लागतात, आणि खरं सांगायचं तर ते आज कोड झाल्यावर लिहिले जातात.

एवढ्या लहान चमूने या वाटेला जावं का? गेलो तर कुठे थांबावं?

अर्धविराम

जाऊ नका. 2013 मध्ये मरियन पेत्रे यांनी 50 व्यावसायिक सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या मुलाखतींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले 35 जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते. 11 जण हवं तेवढंच उचलून वापरत होते, 3 जण कोड जनरेट करायला, आणि एक जण काम झाल्यावर मागून आकृत्या काढत होता. मनापासून, पूर्ण यूएमएल वापरणारा एकही नव्हता. तुमचे सात बूलियन काढा, एक एनम (अवस्थांच्या नावांची यादी) करा, प्रत्येक नावापुढे काय करायचं ते सांगणारा एक स्विच लिहा. दोन दिवसांचं काम आहे.

तिसरी_खूण

अर्धविराम यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत. पण माझं लक्ष त्यातल्या 11 आणि 3 कडे जातं. ही माणसं कशासाठी टिकून राहिली? मी दोन्ही बाजूंनी काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

2005 च्या सुमारास मी एमडीए (मॉडेलपासून सुरू करून कोडपर्यंत यायची पद्धत) करणाऱ्या एका प्रकल्पावर होते. यूएमएलचं मानक सांभाळणाऱ्या ओएमजी या संस्थेने 2001 मध्ये ते मांडलं होतं आणि कल्पना खरंच देखणी होती: आधी कोणत्याही प्लॅटफॉर्मशी न बांधलेलं मॉडेल, त्यापासून विशिष्ट प्लॅटफॉर्मचं मॉडेल, त्यापासून कोड. आमच्याकडे सव्वादोनशे क्लास होते. त्यातून जे जनरेट व्हायचं ते सगळं सोपं काम होतं: गेटर, सेटर (मूल्य वाचणारी आणि बदलणारी छोटी फंक्शन्स), टेबलांची जोडणी. खरे नियम कुठे होते? जनरेट झालेल्या फाइलीत दोन कॉमेंटच्या मधे राखून ठेवलेल्या जागेत, हाताने लिहिलेले. एकदा मॉडेलमध्ये एका क्लासचं नाव बदललं, त्या जागेची ओळख बदलली, आणि आत लिहिलेला कोड पुसला गेला. तो परत जोडायला माझी एक संध्याकाळ गेली. मॉडेलची फाइल एक्सएमआय स्वरूपात होती, एक चौकट जरा डावीकडे सरकवली तरी शेकडो ओळी बदललेल्या दिसायच्या. दोघांचे बदल मर्ज करणं, म्हणजे एकत्र जुळवणं, अशक्य. शेवटी "मॉडेल आता माझ्याकडे आहे" असं खोलीत मोठ्याने सांगून काम चालायचं. आठव्या महिन्यात मुदत गळ्याशी आली, कोणीतरी थेट जनरेट झालेल्या कोडमध्ये दुरुस्ती केली आणि म्हणालं, मॉडेलमध्ये नंतर करू. ते नंतर कधी आलं नाही.

मी बरीच वर्षं समजत होते की दोष त्या साधनाचा. आता तसं वाटत नाही. क्लास डायग्राम जे सांगतो तेच क्लासची व्याख्या सांगते, फक्त चौकटीत. चित्र काढून आम्ही कोडपेक्षा वरच्या पायरीवर गेलोच नव्हतो. एकच गोष्ट दोनदा लिहून दोन्ही जुळत्या ठेवायचा भार मात्र घेतला होता.

पुढे 2011 मध्ये मी आगगाडीच्या सरकत्या दरवाज्यांच्या नियंत्रकावर काम केलं. तिथे आम्ही फक्त एकच गोष्ट मॉडेल केली, दरवाज्याचं वागणं, आणि तेही स्टेटचार्टमध्ये, म्हणजे यंत्राच्या अवस्था चौकटींनी आणि कोणत्या घटनेने कुठे जायचं ते बाणांनी दाखवणाऱ्या आकृतीत. डेव्हिड हॅरेल यांनी इस्रायलमध्ये लाव्ही या लढाऊ विमानाच्या एव्हिऑनिक्सवर (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांवर) काम करणाऱ्या अभियंत्यांशी बोलताना हे चिन्हांकन घडवलं, आणि 1987 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. साध्या स्टेट मशीनमध्ये त्यांनी दोन गोष्टी आणल्या: अवस्थेच्या पोटात अवस्था, आणि एकाच वेळी समांतर चालणारे प्रदेश. यूएमएलची स्टेट मशीन त्यावरूनच आली. आमच्या चमूत दरवाज्याच्या यांत्रिक बाजूचे एक अभियंते होते, त्यांना कोड वाचता येत नव्हता. त्यांनी आकृतीतल्या एका बाणावर बोट ठेवून विचारलं, "अडथळा तिसऱ्यांदा सापडला तर हे दार काय करतंय?" बाण परत पहिल्याच अवस्थेत जात होता. दार जन्मभर उघडझाप करत राहिलं असतं. तो कोड आम्ही चौघांनी वाचला होता, कोणालाच ते दिसलं नव्हतं.

तुमचं दुखणं नेमकं याच जातीचं आहे. अर्धविराम म्हणतात तो एनम मात्र तुम्हाला पुरणार नाही. अलार्म वाजत असताना औषध चालू असू शकतं (बॅटरी कमी असेल तर) किंवा बंद असू शकतं (नळी तुंबली असेल तर). कीपॅडचं लॉक या दोन्हींहून वेगळं. सपाट एनममध्ये या सगळ्यांचा गुणाकार लिहावा लागेल. त्याऐवजी चार समांतर प्रदेश काढा: उपचार, अलार्म, कीपॅड, वीज. "थांबवलंय" आणि "बोलस" या उपचाराच्या पोटातल्या अवस्था, "गप्प केलाय" ही अलार्मच्या पोटातली. आणि तुमच्या त्या दोषाला आपोआप घर मिळतं: "गप्प कर" ही घटना अलार्मच्या प्रदेशाची आहे. लॉकने फक्त उपचार बदलणाऱ्या घटना अडवायच्या.

तीन जागी सांभाळा. पहिली, बाणांचा अग्रक्रम. एकाच घटनेवर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही अवस्थांवर बाण असेल तर यूएमएलमध्ये आतला जिंकतो. हॅरेल यांच्या स्टेटमेट साधनात बाहेरचा जिंकत असे. "नळीत हवा सापडली, थांब" हा बाण तुम्ही बाहेरच्या अवस्थेवर काढलात आणि आत कोणीतरी त्याच घटनेला दुसरा बाण दिला, तर पंप थांबणार की नाही हे साधनावर अवलंबून राहील. साधन निवडायच्या आधी एवढं एक चित्र काढून चालवून बघा. काही साधनं समांतर प्रदेश देतच नाहीत, तेही तेव्हाच कळेल.

दुसरी, यूएमएलमध्ये एका घटनेचं काम पूर्ण संपल्याशिवाय पुढची घटना हातात घेतली जात नाही. कोणा अवस्थेत शिरताना तुम्ही 400 मिलिसेकंद मोटरची वाट बघत बसलात, तर "थांब" तेवढा वेळ रांगेत उभा राहतो. कृती लहान ठेवा, वाट बघणं ही स्वतंत्र अवस्था करा.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: हिस्ट्री. अलार्म मिटला की आधी होतो तिथे परत जा, असं सांगणारं ते सोयीचं चिन्ह. नळी तुंबल्यानंतर ते वापरू नका. तुंबलेल्या नळीत दाब साठलेला असतो; अडथळा सुटला की साठलेलं औषध एकदम आत जातं. त्यात यंत्राने आपणहून पुन्हा औषध चालू केलं तर ते किती गंभीर आहे हे तुम्हाला सांगायला नको. अलार्म मिटल्यावर "थांबलेलं" या अवस्थेतच जावं, आणि पुढचं बटण माणसाने दाबावं.

बाकी काहीही मॉडेल करू नका. क्लास नकोत. सीक्वेन्स डायग्राम फळ्यावर काढा, बोलणं झालं की पुसा. डोसाचं गणित हाताने लिहा आणि त्याच्या कसून चाचण्या घ्या.

अखंड_रेषा

एक भर घालतो. ज्या मॉडेलमधून एक ओळही कोड निघत नाही, तेसुद्धा उपयोगाचं असतं. ॲमेझॉनच्या क्लाउड विभागात 2011 पासून अभियंते टीएलए प्लस ही यंत्रणेचं वागणं गणिती रूपात लिहायची लेस्ली लॅम्पोर्ट यांची भाषा वापरत आले आहेत, आणि कोड-रिव्ह्यू व चाचण्यांतून निसटलेले दोष तिने पकडले, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. तुमच्या चार प्रदेशांचं वर्णन टीएलए प्लसमध्ये शंभर-दीडशे ओळींत बसावं. "हवा सापडलेली असताना मोटर फिरत नाही" ही अट लिहायची, मॉडेल चेकर हा तपासणारा प्रोग्राम पोहोचता येण्याजोग्या सगळ्या अवस्था धुंडाळतो. अट मोडली तर कोणत्या घटना कोणत्या क्रमाने आल्या तेही दाखवतो. मी एका संदेशवहनाच्या प्रोटोकॉलसाठी हे केलं. तिथे अकरा पावलांच्या क्रमानंतर दोन्ही टोकं एकमेकांची वाट बघत बसायची. चाचणी लिहिताना असा क्रम मला सुचला नसता.

मात्र मॉडेल बरोबर निघालं म्हणून कोड बरोबर ठरत नाही. तो दुवा तुम्हालाच सांभाळावा लागतो.

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार. तिसरी_खूण, तुमचं वाचून आम्ही आधी साधन न घेता भिंतीवर तक्ता केला. आडव्या ओळीत 13 घटना, उभ्या ओळीत 9 अवस्था, 117 घरं. प्रत्येक घरात काय व्हायला हवं ते लिहायचं, कोड न बघता. 31 घरांवर आमचं एकमत होईना. आमच्या परिचारिका सल्लागार बाई अर्धा तास येऊन बसल्या आणि त्यातली 22 घरं त्यांनीच भरली. एका घरापाशी त्या थांबल्या: सिरिंज बदलत असताना बोलसचं बटण दाबलं तर? आम्ही लिहिलं होतं, "दुर्लक्ष". त्या म्हणाल्या, दुर्लक्ष करा, पण आवाज द्या, नाहीतर माणसाला वाटतं औषध गेलं.

आता दोन शंका. जनरेट झालेला कोड रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात) ठेवायचा का? आणि 62304 च्या दृष्टीने जनरेटरवर किती विसंबायचं?

अर्धविराम

117 पैकी 31 घरं? मग माझं "दोन दिवसांचं काम" मागे घेतो. स्विच मी दोन दिवसांत लिहिला असता आणि ती 31 घरं माझ्या मनाने भरली असती.

तिसरी_खूण

तो तक्ता जपून ठेवा, तारीख घालून. तुमची चाचण्यांची यादी तीच आहे: प्रत्येक घर म्हणजे एक चाचणी. ती हाताने लिहा, मॉडेलमधून जनरेट करू नका. कोड आणि चाचण्या दोन्ही एकाच मॉडेलमधून काढल्या तर मॉडेलमधली चूक दोन्हींत सारखीच उतरते आणि सगळं हिरवं दिसतं.

जनरेट झालेला कोड मी ठेवते. तर्काने तो ठेवायची गरज नाही, पण रिव्ह्यू करणाऱ्याला बाण हलवल्याने सीमध्ये नेमकं काय बदललं ते दिसायला हवं. त्याला कोणी हात लावू नये म्हणून दर बिल्डला सर्व्हरवर पुन्हा जनरेट करा, आणि ठेवलेल्या फाइलीशी एका अक्षराचाही फरक आला तर बिल्ड पाडा. आमच्या त्या जुन्या प्रकल्पात एवढी एक तपासणी असती तर "नंतर करू" म्हणायची सोयच उरली नसती. हाताने लिहायचा कोड वेगळ्या फाइलीत ठेवा. जनरेट झालेला कोड तिथली फंक्शन्स फक्त बोलावतो. साधनाची आवृत्तीही गोठवा.

जनरेटरवर विसंबू नका. विमानाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधनालाच पात्र ठरवायची रीतसर वाट आहे, ती खर्चिक असते आणि सहा जणांना झेपणारी नाही. निघालेला कोड तुम्ही हाताने लिहिल्यासारखाच धरा: तोच स्टॅटिक ॲनालिसिस (कोड न चालवता होणारी तपासणी), तेच युनिट टेस्ट, तोच रिव्ह्यू. सगळ्यात वरच्या, सी सुरक्षा-वर्गासाठी 62304 तपशीलवार रचना मागतं. वागण्यापुरती ती तुमची आकृतीच असेल, आणि यावेळी ती कोडच्या आधीची असेल.

आकृतीची फाइल मजकुराच्या स्वरूपात साठवणारं साधन मिळालं तर तेच घ्या, एक बाण बदलला की एकच ओळ बदललेली दिसावी. आणि जी 9 घरं अजून रिकामी आहेत ती भरल्याशिवाय जनरेटरला हात लावू नका. ती कोणती आहेत तेवढं इथे लिहाल का? विजेच्या प्रदेशातली असतील असा माझा अंदाज आहे.

कोरी_पाटी

सात विजेची. उरलेली दोन म्हणजे, कीपॅड लॉक असताना सिरिंज निघून आली तर, आणि बोलस चालू असताना बॅटरी संपत आली तर. दुसऱ्यावर आम्ही आज सकाळपासून बोलतोय.