अपडेट झालं आणि स्क्रीनवर हिरवी रेष आली. भांडायचं कोणाशी?

मानेवाडा_डबा:

नमस्कार. नागपूरला मानेवाड्यात माझं डब्यांचं काम आहे. रोजचे बावन्न डबे, बहुतेक मेडिकल चौकाकडच्या होस्टेलमधल्या मुलींचे. कोणाला आज भाजी नको, कोणाला दोन पोळ्या जास्त, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, हे सगळं एका फोनवर चालतं. फोन मी २०२३ च्या दिवाळीत बर्डीच्या बाजारातून ३१,५०० रुपयांना घेतला. त्या वर्षीच्या फराळाच्या ऑर्डरींचे पैसे होते ते. पावती आणि खोका अजून कपाटात आहे. फोन आजवर एकदाही हातातून पडला नाही.

मे महिन्यात एका रविवारी रात्री अपडेटची सूचना आली. फोन चार्जिंगला लावला, अपडेट सुरू केलं आणि झोपले. पहाटे साडेचारला कणीक मळायच्या आधी हातात घेतला तर स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेष. केसाएवढी बारीक, पण अंधाऱ्या स्वयंपाकघरात अशी पेटलेली की नजर तिच्यावरून हटेना. हिशेबाच्या ॲपमध्ये ती नेमकी शेकड्याच्या आकड्यावरून जाते. ३०० आहेत की ८०० हे आकडा मोठा करून पाहावं लागतं. एका मुलीला मी उगाच पैसे बाकी आहेत म्हणून मेसेज केला, नंतर माफी मागावी लागली.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलानं फोन उघडूनसुद्धा पाहिला नाही. वॉरंटी संपली, स्क्रीन बदलावी लागेल, १३,८०० रुपये. मी म्हटलं, अहो, आदल्या रात्रीपर्यंत चांगला होता. तर म्हणे, "मॅडम, गरमीनं होते असं. तुम्ही गॅसजवळ ठेवत असाल." मी फोन ओट्यावर ठेवतच नाही. समोरच्या भिंतीला फळी आहे, तिथं असतो. पण त्याला ऐकायचंच नव्हतं. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं.

आता मुलगी मला व्हिडिओ दाखवून राहिली की नवीन फोन खपावा म्हणून कंपन्या अपडेट पाठवून जुना मुद्दाम बिघडवतात. हे खरं आहे का? आणि १३,८०० भरू की भांडू? भांडायचं तर नेमकं काय म्हणून?

अजनी_रेल्वे:

ताई, मुद्दामच करतात. माझ्या भावाच्या फोनला अपडेटनंतर तिसऱ्या दिवशी अशीच रेष आली. ॲपलनं तर २०१७ मध्ये कबूलच केलं होतं की अपडेट पाठवून जुने आयफोन हळू केले. एकानं केलं म्हणजे सगळेच करत असणार. यापुढे अपडेट बंदच करून टाका.

मोदी_नंबर_तीन:

मी सोळा वर्षांपासून बर्डीवर मोबाइल दुरुस्ती करतो. ताई, पैसे भरायच्या आधी एक करा. रेष दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि मुलीच्या फोनवर पाठवा. तिथंही रेष दिसली तर बिघाड सॉफ्टवेअरचा. दिसली नाही तर फोनच्या आत चित्र बरोबर तयार होते, ते दाखवणारा पडदा बिघडला. एवढ्यानं निम्मा वाद मिटते.

माझा अंदाज सांगतो, स्क्रीनशॉटमध्ये रेष नसेल. तुमच्या फोनचा पडदा अमोलेड दिसतो. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या रांगेला वेगळी तार असते. या सगळ्या तारा पडद्याच्या खालच्या टोकाला एकत्र येतात आणि एका पातळ फितीवरून मागच्या बाजूला वळतात. भिंगाखाली ती फीत कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी दिसते. तिच्यावरच्या तारा मोजायला गेलं तर डोळे शिणतात. त्यातली एक तार तडकली किंवा जोडावरून सुटली की तिची रांग कोणाचंच ऐकत नाही, एका रंगात पेटून राहते. म्हणून रेष अशी सरळ, वरपासून खालपर्यंत. अपडेट म्हणजे लिहिलेल्या सूचना. त्या ही तार कापू शकत नाहीत.

मग त्याच रात्री काहून? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं म्हणून मी सोडून देणार नाही, कारण इथं कावळ्याला थोडं वजन आहे. अपडेटच्या वेळी फोन बराच वेळ जोर लावून काम करतो, नंतरही आतले ॲप जुळवत राहतो. त्यात तुम्ही चार्जिंगला लावला, आणि रात्र नागपूरच्या मे महिन्यातली. आधीच अर्धा सुटलेला जोड अशा गरमीत पूर्ण सुटू शकतो. तुमच्याच फोनमध्ये हे झालं असं न उघडता म्हणणार नाही, पण माझ्या टेबलावर जे फोन येतात त्यावरून मला हेच वाटते. फांदी आधीच किडली होती का, हा खरा प्रश्न आहे.

अजनीवाले भाऊ, ॲपलचं खरं आहे, पण पूर्ण सांगा. बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडत होते, म्हणून त्यांनी अपडेटमधून वेग कमी केला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये लोकांनी वेग मोजून आकडे मांडले तेव्हा कबूल केलं. मग अमेरिकेत बॅटरी बदलायचे ७९ डॉलरचे २९ केले. पुढं २०२० मध्ये फ्रान्सनं अडीच कोटी युरो दंड लावला आणि अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. गुगलनंही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या पिक्सेल ४ए या फोनला असं अपडेट पाठवलं की बऱ्याच फोनची बॅटरी कमी वेळ टिकू लागली, आणि मग बॅटरी फुकट बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणजे कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी मुळीच म्हणत नाही. पण वेग आणि बॅटरी सॉफ्टवेअरच्या ताब्यातल्या गोष्टी आहेत, तुटलेली तार नाही. आणि अपडेट बंद करा असं डबेवाल्या ताईंना सांगू नका. त्यांच्या फोनवर रोज यूपीआयनं पैसे येतात. सुरक्षेची छिद्रं बुजवणारं अपडेट त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त लागते.

गणित_धरमपेठ:

मुद्दाम करतात म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा एका मॉडेलचे दहा लाख फोन विकले गेले आणि हजारात पाच फोनना दोन वर्षांत कधीतरी रेष येणारच आहे. म्हणजे ५,००० रेषा, ७३० दिवसांत. रोज साधारण सात. आता अपडेट एका आठवड्यात सगळ्यांना पोचलं. त्या आठवड्यात अपडेटचा काहीही संबंध नसताना अठ्ठेचाळीस जणांच्या फोनवर रेष येईल, आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जण शपथेवर सांगतील की अपडेटनंतरच आली. कोणीही खोटं बोलत नाहीये. त्यातले दहा जण व्हिडिओ टाकतील. रेष न आलेल्या साडेनऊ लाखांवर लोकांपैकी कोणीच व्हिडिओ टाकणार नाही.

पण अपडेटच्या आधीच्या आठवड्यात सात-सातच रेषा येत होत्या आणि नंतर रोज चाळीस येऊ लागल्या, तर मात्र अपडेटनं हात लावला हे नक्की. हा आकडा फक्त कंपनीकडे असतो, सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत. तो कोणी मागत नाही, आणि त्यांनी स्वतःहून जाहीर केलेला मी तरी पाहिला नाही. व्हिडिओवर ओरडण्यापेक्षा तो आकडा मागायला पाहिजे.

मानेवाडा_डबा:

स्क्रीनशॉट काढला. मुलीच्या फोनवर एकदम स्वच्छ, रेष नाही. माझ्या फोनवर तोच फोटो उघडला तर त्याच्यावरून रेष. तीन वेळा करून पाहिलं. म्हणजे पडदाच गेला, हे आता मला स्वतःला कळलं. धन्यवाद भाऊ.

पण मग काउंटरवरचा मुलगा बरोबरच म्हणत होता का? गरमीनंच झालं म्हणता ना तुम्हीही?

मोदी_नंबर_तीन:

नाही ताई. त्याच्या आणि माझ्या बोलण्यात फरक आहे. गरमी कारण असू शकते असं मी म्हणतो. गरमी तुमची चूक आहे असं तो म्हणून राहिला.

आता मला ज्या गोष्टीचा खरा राग येतो ती सांगतो. आयफोनच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान लिहिलेलं असते, ० ते ३५ अंश. तुमच्या फोनसोबत आलेल्या कागदातही वापराच्या तापमानाची ओळ आहे का पाहा, बारीक अक्षरात असते. पस्तीस अंश! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी दहालाच पारा त्याच्या वर जातो, दुपारी पंचेचाळीस होते. घरात कूलर चालू असला तरी स्वयंपाकघरात त्याचा वारा पोचत नाही. मग हा फोन नागपूरच्या माणसानं वर्षातले तीन महिने वापरायचाच नाही का? विकताना, बर्डीच्या दुकानात एवढ्या मोठ्या जाहिरातीखाली, ही ओळ कोणी वाचून दाखवते का? मी सोळा वर्षांत एकदाही ऐकली नाही. आणि फोन बिघडला की तीच गरमी गिऱ्हाइकाच्या माथी.

आणि वॉरंटी संपली म्हणजे दोष नव्हताच असं होत नाही. असे जोड आणि फिती लगेच तुटत नाहीत, वर्ष-दीड वर्ष झिजून तुटतात. ॲपलच्या २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये पडद्याची फीत झाकण उघडून-मिटून झिजत होती. कंपनीनं २०१९ मध्ये १३ इंची मॉडेलची दुरुस्ती फुकट करून देणं सुरू केलं. आपल्या देशात हिरव्या रेषेवरूनच सॅमसंग आणि वनप्लस दोघांनीही काही जुन्या मॉडेलना मोफत स्क्रीन बदलून दिल्या. लोकांनी पाठपुरावा केला म्हणून.

दोन कामं आजच करा. फोनमधल्या सगळ्या माहितीची नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. एक रेष आली की पुष्कळदा दुसरी येते, आणि कधी कधी पडदा पूर्ण काळा होतो. दुसरं, फोन कोणाकडून उघडून घेऊ नका. माझ्याकडूनही नाही. मी तुम्हाला साडेपाच हजारात दुसरा पडदा लावून देऊ शकतो, पण मूळ कंपनीचा नसेल, आणि एकदा मी उघडला की कंपनी म्हणणार, यांनीच बिघडवला.

सिव्हिल_लाइन्स_वकील:

वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. फोन न उघडता ठेवा, तो तुमचा पुरावा आहे.

१. सर्व्हिस सेंटरला पुन्हा जा आणि नकार लेखी घ्या. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'बाहेरून आघाताची खूण नाही, पाणी गेलेलं नाही' हे लिहून मागा. फोन न तपासता गॅसचं कारण सांगितलं असेल तर तेही लिहून द्या म्हणा.

२. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे. तिथून कंपनीकडे विचारणा जाते आणि बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

३. नाही मिटलं तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथंच तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आता नीट वाचा. तुम्ही फोन डब्याच्या धंद्यासाठी वापरता, म्हणून समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणेल की या बाई 'ग्राहक' नाहीतच, कारण व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही. घाबरू नका. त्याच व्याख्येखाली खुलासा आहे: स्वतः काम करून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो, तो ग्राहकच. तक्रारीत 'माझा व्यवसाय' एवढंच लिहू नका. 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी मी स्वतः वापरते' असं लिहा. या एका ओळीवाचून चांगल्या तक्रारी अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

आणि 'अपडेटनं फोन मुद्दाम बिघडवला' हे वाक्य तक्रारीत नको. ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येईल. लिहा की नेहमीच्या वापरात, कंपनीनंच पाठवलेलं अपडेट करताना, दीड वर्षात पडदा निकामी झाला, आणि एवढ्या किमतीच्या फोनचा पडदा एवढ्यात जाणं हा उत्पादनातला दोष आहे. तापमानाची ओळ तुमच्या कागदात असेल तर तीही जोडा आणि विचारा, विकताना हे का सांगितलं नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम लागू झाला. आपल्याकडे २०२२ पासून राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल आहे, पण अशी सक्ती नाही. तोवर एकेकीनं लिहिलेल्या तक्रारीच कामाच्या.

मानेवाडा_डबा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय केलं ते सांगते.

खोक्यातला कागद काढला. वकील साहेब, ओळ सापडली, सोळाव्या पानावर, ३५ अंशच. मुलीनं भिंग धरलं तेव्हा वाचता आली. सर्व्हिस सेंटरला तो कागद घेऊन गेले. या वेळी दुसरी मुलगी होती काउंटरवर, तिनं शांतपणे फोन चारही बाजूंनी पाहिला आणि जॉबशीटवर 'बाह्य आघात नाही' असं लिहून दिलं. दुरुस्ती पैसे भरूनच, हेही लिहून दिलं. गॅसचं मात्र लिहिलं नाही. मी म्हटलं, तुमच्या माणसानं तोंडी सांगितलं होतं ना? तर म्हणे, ते आम्ही लेखी देऊ शकत नाही.

१९१५ वर तक्रार गेली आहे, नंबर मिळाला. 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी' हे शब्द जसेच्या तसे घातले. गणितवाल्या दादांचा प्रश्नही शेवटी घातला, की या मॉडेलच्या किती फोनना अशी रेष आली आणि अपडेटच्या आधी किती, नंतर किती, ते कंपनीनं सांगावं. उत्तर येईल न येईल.

हिशेब सध्या वहीत लिहिते. आज पहाटे पहिल्या रेषेच्या डाव्या बाजूला दुसरी आली, गुलाबी. मुलीच्या फोनवरून तारखेसकट फोटो काढलाय, तोही तक्रारीला जोडून राहिले.